गिटार, छोटी खोली आणि गाण्याची मालकी

नोव्हेंबर १९६१मध्ये अवघ्या दोन दिवसांत, न्यू यॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत बॉब डिलन नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. खर्च आला सुमारे चारशे डॉलर. मार्च १९६२मध्ये अल्बम बाजारात आला आणि पहिल्या वर्षात त्याच्या जेमतेम पाच हजार प्रती खपल्या. त्यातल्या तेरा गाण्यांपैकी डिलनची स्वतःची गाणी फक्त दोन होती. बिली हॉलिडे आणि काउंट बेसी यांना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड या जाणत्या निर्मात्याने त्याला करारबद्ध केले होते, म्हणून कंपनीतले लोक या मुलाला ‘हॅमंडचा वेडेपणा’ म्हणू लागले. पहिला अल्बम हीच गायकाची खरी सुरुवात असे आपण धरून चालतो. तसे असते तर डिलनची गोष्ट १९६२मध्येच संपली असती. ती संपली नाही, आणि का संपली नाही याचा शोध घेतला की आज गिटार घेऊन स्वतःची गाणी गाऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुण मुलामुलीच्या कामाचे काहीतरी हाती लागते.

स्वतः शब्द लिहायचे, स्वतः चाल लावायची, मोजक्या वाद्यांवर स्वतःच गायचे आणि शक्यतो मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय उभे राहायचे, अशा गायकांच्या संगीताला आज इंडी फोक म्हणतात. माझे म्हणणे असे की या गायकाची कारकीर्द ध्वनिमुद्रणाने सुरू होत नाही. ती सुरू होते समोर बसलेल्या थोड्याशा माणसांपासून. पुढे ती टिकते की नाही, हे त्या गाण्यांना किती अवधी मिळतो यावर ठरते, आणि तो अवधी देणे किंवा नाकारणे गाण्याच्या मालकाच्या हाती असते. म्हणून श्रोत्यांची छोटी खोली आणि गाण्याची मालकी हेच नव्या गायकाचे खरे भांडवल. बाकी सगळे, प्रसिद्धी, पुरस्कार, व्हिडिओ, त्याच्या मागून येते किंवा येतही नाही.

डिलन जानेवारी १९६१मध्ये न्यू यॉर्कला आला तेव्हा ग्रीनिच व्हिलेज या एकाच वस्तीत गाण्याच्या अशा खोल्या पायी फिरता येईल इतक्या अंतरावर होत्या. ‘कॅफे व्हा’ आणि ‘गॅसलाइट’ ही कॉफीघरे होती. तिथे गाणे संपल्यावर श्रोत्यांमध्ये टोपली फिरवली जाई आणि तिच्यात पडेल ती गायकाची कमाई. ‘गर्डीज फोक सिटी’मध्ये सोमवारची रात्र नवख्यांसाठी राखलेली असे. या जागेचे मालक माइक पोर्को यांनी एप्रिलमध्ये डिलनला जॉन ली हूकर या थोर ब्लूज गायकाच्या आधी गाण्याचे दोन आठवड्यांचे काम दिले. मुलगा एकवीसचा नव्हता, म्हणून वादकांच्या संघटनेच्या कागदावर पालक म्हणून सहीही त्यांनीच केली. डेव्ह व्हॅन रॉन्क यांच्यासारखे मुरलेले गायक त्याला घरी झोपायला जागा देत आणि आपल्या बांधण्या शिकवत. इझी यंग यांच्या पुस्तकांच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात जुनी लोकगीते ऐकायला मिळत. याच यंग यांनी त्या नोव्हेंबरात कार्नेगी हॉलच्या छोट्या सभागृहात डिलनचा कार्यक्रम लावला, त्याला पन्नासेक माणसे आली. आकडा लहान आहे, पण ती पन्नास माणसे कान तयार असलेली होती. चुकीचा शब्द, ताणलेले कडवे, उसना आवाज त्यांना लगेच कळायचा. वीस वेळा अशा श्रोत्यांपुढे गायलेले गाणे एकविसाव्या वेळी तेच राहत नाही. सप्टेंबरात ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये रॉबर्ट शेल्टन यांचे जे प्रसिद्ध परीक्षण आले, तेही अल्बमचे नव्हते, अल्बम तेव्हा झालाच नव्हता. शेल्टन यांनी त्याला गर्डीजमध्ये गाताना ऐकले होते.

खोलीने त्याला घडवले, पण वाचवले कशाने? इथे संगीताच्या व्यवसायातली एक मूलभूत गोष्ट समजून घ्यायला हवी. एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाण्याची रचना, शब्द आणि चाल; ती लिहिणाऱ्याची. दुसरी म्हणजे तिचे विशिष्ट ध्वनिमुद्रण; ते साधारणपणे ज्याने पैसे घालून करून घेतले त्याचे. तेच गाणे दुसऱ्या कुणी गायले तर नवे ध्वनिमुद्रण तयार होते, पण रचना मूळ लेखकाचीच राहते आणि तिचे पैसे त्याला मिळतात. १९६३च्या उन्हाळ्यात पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने डिलनचे ‘ब्लोइन इन द विंड’ गायले आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ज्यांना डिलनचा घोगरा आवाज सोसत नव्हता, त्यांच्या घरात त्याचे शब्द दुसऱ्यांच्या गळ्यातून शिरले. त्या काळात त्याचे व्यवस्थापक आणि प्रकाशक यांनी रचनेच्या उत्पन्नात मोठे वाटे घेतले, हेही खरे. तरी रचना हे स्वतंत्र धन असल्यामुळेच तो आवाजाच्या विक्रीवर अवलंबून राहिला नाही. ही दोन धने किती वेगळी आहेत हे साठ वर्षांनी पुन्हा दिसले: सहाशेहून अधिक गाण्यांच्या रचना डिलनने युनिव्हर्सल कंपनीला विकल्याचे डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले, आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनीला विकल्याचे जानेवारी २०२२मध्ये. गाणी तीच, पण खरेदीदार दोन आणि व्यवहारही दोन.

उलट उदाहरण निक ड्रेकचे आहे, आणि ते वाचताना जीव हळहळतो. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या या इंग्रज मुलाला जो बॉइड यांच्यासारखा रसिक निर्माता मिळाला, पाठीशी आयलंड ही प्रतिष्ठित कंपनी होती, सोबतीला उत्तम वादक होते. १९६९ ते १९७२ या काळात त्याचे तीन अल्बम आले. तिन्ही आज इंडी फोकच्या पायाचे दगड मानले जातात, पण प्रसिद्धीच्या वेळी कुठल्याच अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत. ड्रेकला लोकांसमोर गाणे सोसत नसे. जवळजवळ प्रत्येक गाण्यासाठी तो गिटारीच्या तारा वेगळ्या सुरांत लावी, त्यात मिनिटे जात, आणि बारमधले श्रोते तेवढ्यात गप्पांत रमत. हळूहळू त्याने कार्यक्रम सोडलेच. १९७४मध्ये तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. त्याच्या आजारपणाचा सगळा भार श्रोत्यांच्या अभावावर टाकणे अन्यायाचे होईल. नैराश्याची कारणे इतकी सरळ नसतात. पण अल्बम उत्तम, निर्माता उत्तम, कंपनी उत्तम, आणि तरीही कारकीर्द उभी राहिली नाही, यातून ध्वनिमुद्रणाची मर्यादा स्पष्ट दिसते. आणि तरीही ती गाणी हरवली नाहीत, याचे कारण फार व्यावहारिक आहे. बॉइड यांनी आपली निर्मितीसंस्था आयलंडला विकताना अट घातली होती की ड्रेकचे अल्बम बाजारातून कधीही काढून टाकायचे नाहीत. ती अट पाळली गेली, म्हणून पुढच्या पिढ्यांना ते दुकानात सापडत राहिले, आणि १९९९मध्ये फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजले तेव्हा ऐकणाऱ्यांना विकत घ्यायला अल्बम उपलब्ध होता. करारातल्या एका कलमाने त्याच्या गाण्यांना तीस वर्षांचा अवधी दिला.

गायिका ट्रेसी चॅपमनची गोष्ट लोक योगायोगाची म्हणून सांगतात. ११ जून १९८८ रोजी नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर जलसा होता. तिचे गाणे दुपारीच होऊन गेले होते. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची संगणकीय डिस्क सापडेना, वेळ भरून काढण्यासाठी चॅपमनला पुन्हा मंचावर पाठवले गेले, तिने एकटीने गिटारीवर ‘फास्ट कार’ गायले आणि काही आठवड्यांत तिचा पहिला अल्बम अमेरिकेच्या यादीत अव्वल झाला. योगायोग होता यात शंका नाही. पण सत्तर हजारांवर माणसे दुसऱ्याची वाट पाहत असताना, मागे ताल धरायलाही कुणी नसताना, तो योगायोग पेलायची ताकद तिच्यात कुठून आली? टफ्ट्स विद्यापीठात शिकताना ती बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभी राहून गात असे. रस्त्यावरचा माणूस थांबायला बांधील नसतो. त्याला शब्दांनीच थांबवावे लागते. वेम्ब्लीची ती संध्याकाळ तिला तिथेच शिकवली गेली होती, असे मला वाटते. तिचीही रचना पुढे डिलनसारखीच दुसऱ्याच्या गळ्यातून परत आली. ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकाने २०२३मध्ये ‘फास्ट कार’ गायले आणि त्या वर्षीचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार, गाण्याला पस्तीस वर्षे झाल्यावर, एकमेव लेखिका म्हणून चॅपमनला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार होती.

पण या तिघांमागेही कंपनी होतीच. कंपनी नाकारून हे जमते का? जमते, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा अनी डिफ्रँको हिने दिला. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो या कारखान्यांच्या, उतरणीला लागलेल्या शहरात ती वाढली, लहानपणीच स्थानिक बारमध्ये गाऊ लागली, आणि १९९०मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असताना तिने स्वतःच्या ‘राइचस बेब रेकॉर्ड्स’ या संस्थेतर्फे पहिला अल्बम काढला. संस्था हे नाव सुरुवातीला मोठेच होते. प्रत्यक्षात कॅसेटी होत्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या विकल्या जात. महाविद्यालये, कॉफीघरे, लोकसंगीताचे उत्सव असे करत ती वर्षानुवर्षे फिरली, जवळपास दरवर्षी नवा अल्बम काढत राहिली, आणि मोठ्या कंपन्यांचे प्रस्ताव नाकारत राहिली. १९९८मध्ये तिचा ‘लिटल प्लास्टिक कॅसल’ बिलबोर्डच्या यादीत थेट बाविसाव्या क्रमांकावर आला. हा आकडा एखाद्या बड्या कंपनीच्या ताऱ्यासाठी सामान्य असेल; जिची सगळी ध्वनिमुद्रणे आणि सगळ्या रचना तिच्या स्वतःच्या आहेत तिच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. अल्बममागे तिला बड्या ताऱ्यांपेक्षा अधिक पैसे मिळतात, अशा आशयाची नोंद १९९७मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने केली, तेव्हा तिने संपादकांना खुले पत्र लिहून हरकत घेतली: आपले काम पैशांच्या हिशेबात मोजले जाऊ नये. ही हरकत मला फार महत्त्वाची वाटते. मालकीचा आग्रह हा धंदेवाईकपणा आहे, खऱ्या कलावंताने हक्क आणि टक्केवारी यांत पडू नये, असे आपल्याकडेही अनेक जण म्हणतात. डिफ्रँकोने हक्क सोडले नाहीत आणि पैशाला मोठेपणाही दिला नाही. कुणाला न विचारता पुढचे गाणे लिहिता यावे, एवढ्यासाठी तिला मालकी हवी होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. बॉन इव्हर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननची कथा या सगळ्याच्या विरुद्ध जाते असे वाटेल. २००६-०७च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या वडिलांच्या केबिनमध्ये एकटा राहिला, तिथेच अल्बम ध्वनिमुद्रित केला, २००७मध्ये सुमारे पाचशे प्रती स्वतःच काढल्या, आणि वर्षभरात जॅगजॅग्वार या स्वतंत्र कंपनीने तो जगापुढे आणला. ना खोली, ना श्रोते. एकांत आणि प्रतिभा. ही दंतकथा इतकी मोहक आहे की त्यानंतर हजारो तरुणांनी बंद खोलीत माइक लावून तिची पुनरावृत्ती करायचा प्रयत्न केला. पण केबिनच्या आधीची वर्षे या कथेतून गळतात. व्हर्नन शाळेपासून ओ क्लेअर या आपल्या गावात बँडमध्ये गात होता. त्याचा ‘डियारमंड एडिसन’ हा बँड नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात जाऊन राहिला, तिथे वाजवत राहिला आणि तिथेच फुटला. केबिनमध्ये गेला तो जवळपास दहा वर्षे माणसांसमोर गाऊन आलेला गायक. त्या एकांतात त्याने जे गाळले, सोडले, नव्याने धरले, ते सगळे त्या दहा वर्षांत जमा झालेले होते. आणि यश आल्यावर त्याने केले काय, तर गावाजवळ स्टुडिओ उभारला आणि २०१५पासून गावात संगीतोत्सव भरवला. एकांताचा पुरस्कर्ता म्हणून ओळखला जाणारा हा माणूस स्वतः खोल्या बांधत होता. याहून बोलका दुवा म्हणजे ‘हेडीसटाउन’. अनाइस मिचेल या व्हरमाँटच्या गायिकेने ही संगीतिका २००६मध्ये आपल्या राज्यातल्या हौशी मंडळींना घेऊन बसवली. तिचा अल्बम २०१०मध्ये डिफ्रँकोच्याच संस्थेने काढला, त्यात डिफ्रँको आणि व्हर्नन दोघेही गायले. २०१९मध्ये ती ब्रॉडवेवर पोहोचली आणि सर्वोत्तम संगीतिकेसह आठ टोनी पुरस्कार घेऊन गेली. तेरा वर्षे लागली. मोठ्या कंपनीच्या वार्षिक ताळेबंदात एवढा धीर बसत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आता मोबाइलच खोली झाला, गाणे टाकले की जग ऐकते, कॉफीघरांची गरज काय? गाणे पोहोचवणे आज खरोखर सोपे झाले आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण पैसे कसे वाटले जातात ते पाहिले की चित्र बदलते. स्पॉटिफायसारख्या सेवेत एका ऐकण्याचा ठरलेला भाव नसतो. महिन्याच्या उत्पन्नातला हक्कधारकांचा सुमारे दोनतृतीयांश वाटा एकत्र केला जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, त्याप्रमाणे वाटला जातो. म्हणजे तुमची निष्ठावान चाहती महिनाभर फक्त तुमचीच गाणी ऐकत असली तरी तिचे पैसे तुमच्याकडेच येतील असे नाही. शिवाय २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. या रचनेत छोटा पण जिवलग श्रोतृवर्ग तोट्यात जातो, आणि लोकगायकाचा श्रोतृवर्ग नेमका तसाच असतो. २००८मध्ये सुरू झालेल्या बँडकँपसारख्या ठिकाणी श्रोता थेट अल्बम विकत घेतो आणि संस्था डिजिटल विक्रीवर साधारण १० ते १५ टक्के ठेवते, म्हणून स्वतंत्र गायकांना ती जवळची वाटते. पण तिथेही विकत घेणारा श्रोता आधी कुठेतरी जोडला गेलेला असावा लागतो. पडदा ओळख करून देतो. नाते जोडण्यासाठी गायकाला अजूनही माणसांसमोर उभे राहावे लागते.

तिसरा आक्षेप, की हे सगळे अमेरिका-इंग्लंडचे, आपल्याकडे सिनेमाशिवाय गाण्याला वाट नाही. ही अडचण खरी होती आणि थोडी अजूनही आहे. तरी जयपूरचा प्रतीक कुहाड दिल्लीतून इंग्रजी आणि हिंदी गाणी लिहीत, छोट्या कार्यक्रमांतून गात पुढे आला. ‘कोल्ड/मेस’ हा त्याचा २०१८चा लघुअल्बम, आणि त्यातले गाणे बराक ओबामा यांच्या २०१९च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आले. पुण्यात २०१०मध्ये सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या उत्सवाने अशा गायकांना मोकळे मैदान दिले. आणि महाराष्ट्राला स्वतः रचून स्वतः गाणारा कलावंत काही नवा नाही. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांची गाणी गिरणगावात, वस्त्यावस्त्यांत, सभांमध्ये माणसांसमोर उभी राहून पसरली. खोली आपल्याकडे होती, चौक होता, मैदान होते. कमी पडली ती मालकी. शाहिराचे गाणे सगळ्यांचे झाले याचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते सगळ्यांचे होताना शाहिराच्या घरात काय आले, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही.

आज तो प्रश्न विचारायला कायद्याचा आधार आहे. २०१२मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क दुसऱ्याला दिले तरी गाण्याच्या वापरावरचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. सिनेमाबाहेरच्या ध्वनिमुद्रणांनाही हे लागू आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून मुंबईत आहे आणि सिनेमात एकही गाणे न केलेला रचनाकारही तिचा सदस्य होऊ शकतो. कायदा कुणाला गायक करत नाही, पण पंचवीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच उत्साहात केलेल्या सहीमुळे तिची पन्नाशीतली गाणी दुसऱ्याची होऊ नयेत, एवढे तो पाहू शकतो.

म्हणून जी मुले आज पहिले गाणे ध्वनिमुद्रित करायच्या तयारीत आहेत, त्यांना माझे सांगणे: आधी वर्षभर ते माणसांसमोर गा, स्टुडिओचा खर्च शक्यतो स्वतः करा, आणि मुदत व प्रदेश लिहिलेला नसेल असा कुठलाही कागद सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि आपण श्रोत्यांनी एवढे करावे: गावात कुणी नवा गायक पन्नास खुर्च्यांच्या जागेत गाणार असेल तर पास मागू नये, तिकीट काढून जावे.